फेर्मा संख्या: पाचांच्या पुढे काय?

२ घ्या. त्याचा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा वर्ग करा, त्याचाही वर्ग करा, आणि असे तेहतीस वेळा झाले की शेवटी १ मिळवा. कृती शाळकरी मुलालाही समजेल इतकी सोपी आहे. जी संख्या तयार होते तिच्यात मात्र २५८ कोटी ५८ लाख २७ हजार ९७३ अंक असतात. पानाला दोन हजार अंक आणि खंडाला पाचशे पाने या हिशेबाने ती छापायची म्हटली तर अडीच हजारांहून अधिक खंड लागतील. ही संख्या मूळ आहे की संयुक्त, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज आणखी कोणत्या संख्येने तिला नि:शेष भाग जातो की नाही, हे आज कोणालाही ठाऊक नाही.

ही तेहतिसावी फेर्मा संख्या. या लेखात तिला फे-३३ म्हणू. एका संख्येचे मूळ-संयुक्तपण ठरवण्याचा हा खटाटोप वरकरणी निरर्थक वाटेल. पण त्यामागे १६४० पासून चालत आलेला प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाने अंकगणितात, भूमितीत आणि संगणनात बरीच उलथापालथ केली आहे. तो आज कुठवर आला आहे, कोणाचे काय म्हणणे आहे आणि त्यातले सिद्ध किती, हे पाहू.

साचा कुठून आला

२ च्या एखाद्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल, तर घातांक वाटेल तो चालत नाही. २ चा सहावा घात ६४, त्यात १ मिळवला की ६५, आणि त्याला ५ ने भाग जातो. यात योगायोग नाही. ६ ला ३ हा विषम अवयव आहे, म्हणून ६४ हा ४ चा घन आहे, आणि कोणत्याही संख्येच्या घनात १ मिळवला की त्या संख्येहून एकाने मोठ्या संख्येने, इथे ४+१ ने, भाग जातोच. घातांकाला १ खेरीज एखादा विषम अवयव असला की हे दर वेळी घडते. म्हणून घातांक स्वतःच २ चा घात असावा लागतो: १, २, ४, ८, १६, ३२ असे. या घातांकांतून निघणाऱ्या संख्या म्हणजे फेर्मा संख्या. त्यांची मोजणी शून्यापासून करतात, त्यामुळे फे-० ते फे-४ या अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ होतात.

या पाचही मूळ आहेत. पिएर द फेर्मा हा पेशाने तुलूझच्या न्यायसभेतला अधिकारी, गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. १६४० मध्ये फ्रेनिकल या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या मालिकेतल्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात असा विश्वास व्यक्त केला आणि सिद्धता आपल्याकडे नसल्याचेही सांगून टाकले. फेर्माच्या नावावर सिद्धतेविना सोडलेली विधाने पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक पुढे खरी ठरली. हे खोटे ठरले.

ऑयलरची ६४१

डिसेंबर १७२९ मध्ये क्रिस्टियान गोल्डबाखने तरुण लिओनार्ड ऑयलरला पत्रातून विचारले, की फेर्माचे हे निरीक्षण तुला माहीत आहे का? अंकगणितातल्या कोड्यांकडे ऑयलर वळला त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा मानला जातो. १७३२ मध्ये त्याने उत्तर दिले: फे-५, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे.

इथे थोडे थांबायला हवे. फे-५ चे वर्गमूळ ६५,५३६ च्या आसपास येते. त्याच्या आत ६,५४२ मूळ संख्या आहेत, आणि एकेकीने भागून पाहायचे हे काम हाताने कंटाळवाणे आहे. पण ६४१ ही मूळ संख्यांच्या यादीतली ११६ वी. म्हणजे ११६ भागाकार पुरे होते. शिवाय फे-५ चा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून आलेला असला पाहिजे, हे ऑयलरने दाखवले. तसे निष्कर्ष काढण्याची साधने, मूळ संख्येने भागताना घातांची बाकी किती उरते हे सांगणाऱ्या फेर्माच्या स्वतःच्या प्रमेयातच होती. त्या चाळणीतून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१ एवढ्याच मूळ संख्या पुढे येतात. पाचव्या प्रयत्नात उत्तर! पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युकाने चाळणी आणखी बारीक केली: ६४ ऐवजी १२८ च्या पटी घ्यायच्या. मग २५७ आणि ६४१ या दोनच उरतात. फेर्मासारख्या माणसाच्या हातून हे कसे सुटले यावर इतिहासकारांनी तर्क लढवले आहेत. एक शक्यता अशी, की त्याने आपल्याच प्रमेयाने २ हा पाया धरून कसोटी घेतली असेल. त्या कसोटीला प्रत्येक फेर्मा संख्या, मूळ असो वा नसो, उत्तीर्ण होते. पायाच फसवा निवडला तर परीक्षक काय करणार?

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दिसते, आणि ही युक्ती पाहण्यासारखी आहे. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. तसेच ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्या मांडणीवरून, ६४१ ने भागताना ५ गुणिले १२८ ची किंमत उणे १ धरता येते. तिचा चौथा घात केला की उणे जाऊन १ उरतो. म्हणजे ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात बरोबर १. दुसऱ्या मांडणीवरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे २ चा चौथा घात ठेवा. २ चा ३२ वा घात उणे १ इतका निघतो. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

गोल्डबाखने १७३० मध्ये आणखी एक गोष्ट टिपली, आणि ती या मालिकेची सर्वांत सुंदर बाजू आहे असे मला वाटते. ३ गुणिले ५ म्हणजे १५, आणि ते १७ हून दोनाने कमी. ३ गुणिले ५ गुणिले १७ म्हणजे २५५, ते २५७ हून दोनाने कमी. हे असेच पुढे चालते: आधीच्या सगळ्या फेर्मा संख्यांचा गुणाकार पुढच्या संख्येपेक्षा नेमका दोनाने लहान असतो. त्यामुळे कोणत्याही दोन फेर्मा संख्यांना सामाईक विभाजक १ सोडून असूच शकत नाही. प्रत्येक फेर्मा संख्या आपापला नवा मूळ विभाजक घेऊन येते, आणि मूळ संख्या अनंत आहेत या युक्लिडच्या प्रमेयाला आयतीच दुसरी सिद्धता मिळते.

भूमितीची वाट

ऑयलरनंतर हा विषय संपायला हरकत नव्हती. तो जिवंत ठेवला गाउसने. १७९६ च्या मार्चमध्ये, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधी, पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे त्याला उमगले. ग्रीकांनी त्रिकोण, चौकोन, पंचकोन आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या आकृतींपर्यंत मजल मारली होती. त्यानंतर दोन हजार वर्षे कोणी पुढे गेले नव्हते. १८०१ च्या आपल्या ग्रंथात गाउसने नियम सांगितला: बाजूंच्या संख्येचे विषम अवयव वेगवेगळ्या मूळ फेर्मा संख्याच असतील तर आकृती काढता येते. अन्यथा येत नाही, या उलट्या बाजूची छापील सिद्धता १८३७ मध्ये वांझेलने दिली.

त्यामुळे मूळ फेर्मा संख्या किती, या प्रश्नाला भूमितीत थेट अर्थ आला. सध्या ठाऊक असलेल्या पाच संख्यांवरून विषम बाजूंचे असे ३१ बहुभुज मिळतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्याच्या बाजू ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे पुन्हा फे-५ उणे दोन. रिशेलोने १८३२ मध्ये २५७ बाजूंची रीत प्रसिद्ध केली. हर्मेस नावाच्या गृहस्थाने ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजावर दहा वर्षे घालवली. १८९४ मध्ये त्याची वार्ता छापून आली आणि हस्तलिखिताची पेटी ग्योटिंगेनला ठेवली गेली. ही आकृती नुसत्या डोळ्यांना वर्तुळाहून वेगळी दिसणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

संयुक्त आहे, पण अवयव कुठे?

एखाद्या संख्येविषयी काहीतरी ‘माहीत असणे’ एकाच प्रकारचे नसते, हे या क्षेत्राने फार स्पष्टपणे दाखवले. ती संयुक्त आहे हे कळणे एक. तिचा एखादा विभाजक हाती लागणे दुसरे. आणि ती मूळ अवयवांत पुरती सुटणे तिसरे. या तीन पायऱ्यांत दशकांची अंतरे पडली आहेत.

पहिल्या पायरीचे साधन फ्रान्सच्या पेपँने १८७७ मध्ये दिले. ३ पासून सुरुवात करा, वर्ग करत जा, आणि प्रत्येक वर्गाला तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. ठरावीक वर्गांनंतर बाकी त्या संख्येहून एकाने कमी, म्हणजे उणे १, आली तर संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त. दोन्ही बाजूंनी पक्का निकाल. २५७ साठी कागदावर करून पाहता येते: ३ चा वर्ग ९, त्याचा ८१, त्याच्या वर्गाची बाकी १३६, त्यापुढे २४९ म्हणजेच उणे ८, मग ६४, मग २४१ म्हणजेच उणे १६, आणि सातव्या वर्गाला २५६. बाकी उणे १ आली. २५७ मूळ.

कसोटीत नापास झालेली संख्या संयुक्त ठरते, पण तिचे अवयव कोणते याचा मागमूस लागत नाही. फे-७ ही ३९ अंकी. मोअरहेड आणि वेस्टर्न यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे १९०५ मध्ये हाताने हिशेब करून ती संयुक्त असल्याचे दाखवले. १९०९ मध्ये दोघांनी मिळून ७८ अंकी फे-८ चाही निकाल लावला. फे-७ चे अवयव मात्र १९७० मध्ये सापडले. मधली पासष्ट वर्षे ती ‘संयुक्त, अवयव अज्ञात’ अशी पडून होती. फे-१४ ची गोष्टही अशीच. सेल्फ्रिज आणि हुर्विट्झ यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा निकाल लावला. पहिला विभाजक मिळायला २०१० उजाडले. आणि फे-२० व फे-२४ यांचा एकही विभाजक अजून कोणाला माहीत नाही. फे-२० संयुक्त असल्याचे १९८७ मध्ये यंग आणि ब्यूएल यांनी त्या काळच्या क्रे महासंगणकावर सिद्ध केले. फे-२४ वर १९९९ मध्ये मेयर, पापाडोपौलोस आणि क्रँडॉल यांनी काम केले. पन्नास लाखांहून अधिक अंकांची ही संख्या. मोजणीत एखादा दशांश घसरला तरी निकाल वाया, म्हणून दोन वेगळ्या यंत्रांवर दोनदा गणित चालवले आणि पूर्णांकांच्या तिसऱ्या स्वतंत्र रीतीने अधूनमधून बाकी ताडून पाहिली. सिद्धता म्हणजे काय, हा प्रश्न इथे आपोआप येतो. हातातला कागद तपासून कोणी याची खात्री करू शकत नाही. विश्वास ठेवायचा तो तीन हिशेब जुळले यावर.

अवयव शोधण्याची शंभर वर्षे

फे-६ चा मान वीस अंकी: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट करत ठेवलेल्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. त्या एकूण दाण्यांत दोन मिळवले की ही संख्या येते. फ्रान्समधल्या लांद्री या ब्याऐंशी वर्षांच्या वृद्धाने १८८० मध्ये तिचा २,७४,१७७ हा अवयव काढला. बऱ्याच नंतर उघड झाले, की क्लाउसेन या खगोलज्ञाने १८५५ मध्येच गाउसला लिहिलेल्या पत्रात ही फोड दिली होती. पत्र पडून राहिले आणि श्रेय लांद्रीकडे गेले. आता दोघांची नावे एकत्र घेतात.

यानंतरचा इतिहास म्हणजे एकामागून एक नव्या रीतींचा इतिहास आहे. मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी १९७० मध्ये सतत अपूर्णांकांची रीत वापरून फे-७ फोडली. फे-८ १९८० मध्ये ब्रेंट आणि पोलार्ड यांनी फोडली. तिचा सोळा अंकी अवयव लक्षात ठेवायला त्यांनी इंग्रजीत एक वाक्य रचले, ज्याच्या शब्दांतली अक्षरे मोजली की एकेक अंक मिळतो. १५५ अंकी फे-९ साठी १९९० मध्ये जगभर पसरलेले सुमारे सातशे संगणक चार महिने राबले. लेन्स्ट्रा बंधू, मनासे आणि पोलार्ड यांनी त्या कामी संख्याक्षेत्र चाळणी ही अगदी नवी रीत लावली. मोठ्या संख्या फोडायची आजची सर्वांत समर्थ रीत तीच आहे.

क्रम मात्र सरळ नाही. फे-११, म्हणजे ६१७ अंकी संख्या, फे-९ च्या आधीच १९८८ मध्ये ब्रेंटने पूर्ण सोडवली, आणि ३०९ अंकी फे-१० त्यानेच १९९५ मध्ये. कारण अवयवांच्या आकारात आहे. फे-११ च्या पाच अवयवांपैकी चार लहान होते, दोन तर १८९९ मध्येच सापडले होते. उरलेला पाचवा ५६४ अंकी निघाला आणि तो मूळ होता. लेन्स्ट्रा बंधूंपैकी हेंड्रिकची दीर्घवृत्तीय वक्रांची रीत असे मध्यम आकाराचे अवयव बाहेर काढण्यात पटाईत आहे. संख्येच्या लांबीपेक्षा तिच्यात काय दडले आहे यावर कष्ट ठरतात.

फे-१२ वर गाडी अडली आहे. तिचे सहा मूळ अवयव माहीत आहेत; पहिला, १,१४,६८९, तर १८७७ मध्येच हाती आला होता. सहा काढून झाल्यावर १,१३३ अंकांचा तुकडा उरतो. तो संयुक्त आहे एवढे नक्की, पण फुटत नाही. तुलनेसाठी: सर्वसाधारण संख्या फोडण्याचा २०२० मधला गाजलेला विक्रम २५० अंकांचा होता. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणारी आरएसए ही कूटपद्धत मोठ्या संख्या फोडण्याच्या याच अडचणीवर उभी आहे. तिच्या जाहीर किल्लीत घातांक म्हणून फे-४, अर्थात ६५,५३७, सर्रास वापरला जातो. द्विमान पद्धतीत या संख्येत दोनच एके असतात, त्यामुळे सोळा वर्ग आणि एका गुणाकारात काम आटोपते.

सीमा फे-३३ वर का?

फे-५ पासून फे-३२ पर्यंतच्या सगळ्या संख्या संयुक्त आहेत हे आता सिद्ध आहे. यांतला शेवटचा अडसर फे-३१ होती. तिचा विभाजक २००१ मध्ये सापडला, आणि तेव्हापासून फे-३३ ही निकाल न लागलेली सर्वांत लहान फेर्मा संख्या आहे.

निकाल लावायचे मार्ग दोन. पेपँची कसोटी लावायची, तर सुमारे ८५९ कोटी वेळा वर्ग करावे लागतील, तेही अडीचशे कोटींहून अधिक अंकांच्या संख्यांचे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली, सध्याची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. फे-३३ तिच्याहून सुमारे त्रेसष्टपट लांब. अशी कसोटी आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेर आहे. दुसरा मार्ग नशिबाचा. ल्युकाच्या नियमाने फे-३३ चा प्रत्येक मूळ विभाजक २ च्या पस्तिसाव्या घाताच्या पटीत १ मिळवून आलेला असतो. अशा संख्या एकेक करून तपासत जायचे. जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर हेच करत आहेत.

याच मार्गाने एक चमत्कारिक परिस्थिती झाली आहे. फे-३३ चा पत्ता नसताना तिच्याहून कल्पनेपलीकडे मोठ्या फेर्मा संख्या संयुक्त असल्याचे माहीत आहे. २०२० मध्ये सापडलेल्या एका विभाजकाने १,८२,३३,९५४ व्या फेर्मा संख्येचा निकाल लावला. ही संख्या लिहायला विश्वातले अणू पुरणार नाहीत, पण तिला कशाने भाग जातो ते आपल्याला ठाऊक आहे. अशा संयुक्त ठरलेल्या फेर्मा संख्या आता तीनशेहून अधिक आहेत. सहावी मूळ फेर्मा संख्या मात्र सापडलेली नाही.

तर्क काय सांगतो

सहावी असेल का? इथे मते सुरू होतात.

पहिले मत हार्डी आणि राइट यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातून रूढ झाले. एखाद्या मोठ्या संख्येच्या आसपास मूळ संख्या किती दाट असतात हे मूळ संख्यांच्या प्रमेयावरून कळते. फेर्मा संख्या इतक्या झपाट्याने वाढतात, की प्रत्येक टप्प्यावर मूळ असण्याची शक्यता निम्मी होते. फे-३३ साठी ती ढोबळमानाने सुमारे सहाशे कोटींत एक. पुढच्या सगळ्या अनंत संख्यांच्या शक्यता मिळवल्या तरी बेरीज याच्या दुप्पटच होते. म्हणून मूळ फेर्मा संख्या मर्यादितच असाव्यात. बोक्लान आणि जॉन कॉनवे यांनी २०१७ मध्ये फेर्मा विभाजकांवरची बंधने लक्षात घेऊन हा हिशेब नेटकेपणे मांडला. नव्या मूळ फेर्मा संख्यांची अपेक्षित संख्या त्यांनी शंभर कोटींत एकाहून कमी काढली. संख्यासिद्धांताच्या अभ्यासकांपैकी बहुतेकांना पाचांवर यादी संपते असेच वाटते.

दुसरी बाजू या हिशेबाला खोटे म्हणत नाही, त्याची मर्यादा दाखवते. फेर्मा संख्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. त्यांची घडण पक्की आहे. तोच ढोबळ हिशेब पहिल्या पाच संख्यांना लावून पाहा: मूळ संख्या दोनाच्या थोड्या वर निघायला हव्या होत्या, निघाल्या पाचच्या पाच. लहान विभाजक वर्ज्य असल्याने शक्यता वाढते, हे कारण त्यावर देता येते आणि ते योग्यही आहे. पण घडणीचा परिणाम नेमका किती धरायचा, हे गृहीतकावर अवलंबून राहतेच. आयझेन्स्टाइनने तर १८४४ मध्ये मूळ फेर्मा संख्या अनंत आहेत हे सिद्ध करा, असा प्रश्नच मांडला होता. त्याच्याशी जोडलेली एक जुनी अटकळ अशी होती, की २ वर २ चढवत गेलेल्या मनोऱ्यांत १ मिळवला की नेहमी मूळ संख्याच मिळते: ५, १७, ६५,५३७, आणि मग फे-१६. सेल्फ्रिजने १९५३ मध्ये फे-१६ चा ८२,५७,५३,६०१ हा विभाजक काढून ती मोडली. आज अनंताच्या बाजूने ठाम बोलणारे फारसे उरलेले नाहीत. शक्यतेचा हिशेब आणि सिद्धता यांत मात्र गल्लत करू नये, हा इशारा सगळ्यांना मान्य आहे.

मला पहिल्या बाजूचे म्हणणे पटते. तरी एक सांगायला हवे: याच तऱ्हेचा हिशेब २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मर्सेन संख्यांबाबत अगदी उलटे सांगतो, की त्यांतल्या मूळ संख्या अनंत असाव्यात. तेही सिद्ध झालेले नाही. दोन्हीकडे आपण एकाच पद्धतीवर भिस्त ठेवून आहोत.

सिद्ध किती, उरले किती

सिद्ध झालेल्या गोष्टींची यादी लांब नाही. कोणत्याही दोन फेर्मा संख्यांत सामाईक विभाजक नाही. विभाजकांचा आकार ऑयलर आणि ल्युका यांनी बांधून दिला. पेपँची कसोटी पक्की आहे. अलीकडच्या काळात क्रिझेक, लुका आणि सोमर यांनी २००२ मध्ये दाखवले, की कोणत्या ना कोणत्या फेर्मा संख्येला भागणाऱ्या सगळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज मर्यादित राहते. साध्या शब्दांत, अशा मूळ संख्या अनंत असल्या तरी फार विरळ आहेत. गोलोंबने १९५५ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर होते.

२००२ मध्येच कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात ठरवणारी रीत दिली. सैद्धांतिकदृष्ट्या ती फार मोठी झेप होती. पण ‘वाजवी’ हे संख्येच्या अंकांच्या प्रमाणात. जिथे अंकच अडीचशे कोटींहून जास्त तिथे तिचा उपयोग नाही. फेर्मा संख्यांसाठी पेपँची जुनी कसोटीच अजून सर्वांत वेगवान आहे.

न सुटलेले प्रश्न तीन. फे-४ नंतर एक तरी मूळ आहे का, हा पहिला. दुसरा: एखाद्या फेर्मा संख्येला कोणत्या मूळ संख्येच्या वर्गाने भाग जातो का? आजवर असे एकही उदाहरण दिसलेले नाही. दिसले तर ती मूळ संख्या व्हिफेरिख संख्या असायला हवी, म्हणजे २ च्या तिच्याहून एकाने कमी घातातून १ वजा केल्यावर तिच्या वर्गाने भाग जायला हवा, आणि तशा फक्त दोन ज्ञात आहेत: १,०९३ आणि ३,५११. या दोघींपैकी कोणीही फेर्मा संख्येला भागत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत बोचरा वाटतो. संयुक्त फेर्मा संख्या अनंत आहेत का? तीनशेहून अधिक उदाहरणे हाताशी आहेत, सगळा तर्क एकाच बाजूला आहे, ‘नाही’ म्हणणारा कोणी भेटणार नाही. तरीही सिद्धता नाही. फे-३२ च्या पुढे एका टप्प्यानंतर सगळ्या फेर्मा संख्या मूळच आहेत, असे कोणी म्हटले, तर ते खोटे ठरवायला आपल्याकडे आज युक्तिवाद नाही. आहेत ती सुटी उदाहरणे. फे-३३ चा विभाजक उद्या सापडला, तर वर्तमानपत्रात चौकटभर बातमी येईल आणि सीमा फे-३४ वर सरकेल, जी आजही अनिर्णित आहे. या क्षेत्रातला पुढचा खरा टप्पा तिसऱ्या प्रश्नाच्या सिद्धतेने येईल असे माझे मत आहे, आणि त्या दिशेने पहिले पाऊल म्हणावे असे काही अजून कोणाकडून आलेले नाही.